पॉवरलेस पाहिली का कुणी? आणि त्या विमा कंपनीचं काय झालं?

पंचनामा

नमस्कार मंडळी. ही अमेरिकन विनोदी मालिका २०१७ची आहे, त्यामुळे 'आत्ता जाग आली का' हे आधीच ऐकून घेतो. मुलगा दिवाळीला घरी आला होता, त्याने लावून दिली. "बाबा, यात तुमच्या ऑफिससारखी माणसं आहेत," म्हणाला. चार रात्रींत बाराही भाग संपवले. बायको म्हणाली, इतक्या निष्ठेने तुम्ही कधी रामायण पाहिलं नाही.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅटमॅन-सुपरमॅनच्या जगातलं चार्म सिटी नावाचं शहर. मोठे हीरो मोठ्या शहरांत. इथे आपले दुसऱ्या फळीतले, क्रिमझन फॉक्स वगैरे. या शहरात वेन सिक्युरिटी नावाची कंपनी आहे. हीरो आणि खलनायकांच्या मारामारीत सामान्य माणूस चिरडू नये म्हणून ती वस्तू बनवते. मालक ब्रूस वेन, पण तो गॉथम या मोठ्या शहरात. इथे साहेब म्हणून त्याचा चुलतभाऊ व्हॅन वेन (ॲलन टुडिक) बसवलेला, ज्याला फक्त गॉथमला बदली हवी आहे. व्हॅनेसा हजेन्सची एमिली नवी रुजू होते. पहिल्याच भागात तिच्या ट्रेनवर मारामारी होते, ती डोळे विस्फारून बघते आणि बाकीचे प्रवासी आता उशीर होणार म्हणून वैतागलेले. डोंबिवलीहून वीस वर्षं अप-डाऊन केलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

इथवर छान. मग मुलाने सांगितलं की ही मालिका मुळात अशी नव्हतीच. २०१६च्या जुलैमध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनला पहिला पायलट (नमुन्याचा भाग) दाखवला, तेव्हा ऑफिस विमा कंपनीचं होतं. रेटकॉन इन्शुरन्स. एमिली तिथे क्लेम बघणारी. हीरोंच्या हाणामारीत घर पडलं, गाडी चेपली, की लोक हिच्या टेबलासमोर! मग मूळ निर्माता बाहेर पडला, नवे लोक आले, विमा कंपनी गेली आणि वेन कंपनी आली.

मंडळी, मी गेली बावीस वर्षं लायसनधारक विमा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) आहे. गाड्या मुख्यतः, अधूनमधून आगीचे क्लेम. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण सोनं होतं हो त्यात. आमच्या फायर पॉलिसीत विमानामुळे होणाऱ्या नुकसानाचं कलम आहे. विमान, इतर हवाई किंवा अंतराळातली साधनं, आणि त्यांतून खाली पडलेल्या वस्तू, यांनी नुकसान केलं तर भरपाई मिळते. मात्र हवेच्या दाबलहरींमुळे झालेलं नुकसान वगळून. म्हणजे सुपरमॅन आवाजापेक्षा जास्त वेगाने डोक्यावरून गेला आणि तुमच्या शोरूमच्या काचा फुटल्या, तर फाइल बंद. पण तोच छपरावर पडला तर? तो 'हवाई साधन' धरायचा का? आणि त्याच्या हातून निसटलेला खलनायक ही 'त्यातून खाली पडलेली वस्तू' होते का? माझ्या ओळखीचे दोन वकील यावर आठवडाभर भांडतील, आणि दोघेही बिल लावतील.

याच पॉलिसीत क्षेपणास्त्र चाचणीने होणारं नुकसान चक्क कव्हर आहे. बावीस वर्षांत असा एक क्लेम माझ्यापुढे आला नाही. म्हणजे कधीकाळी कुणीतरी ऑफिसात बसून गंभीर चेहऱ्याने हा विचार केलेला आहे. त्या माणसावर मालिका हवी होती.

गाडीचं तर विचारूच नका. हीरोने रस्त्यावरची गाडी उचलून खलनायकावर फेकली. हा अपघात की दुष्ट हेतूने केलेलं कृत्य? की मधल्या चार सेकंदांत गाडी 'हवाई मार्गे नेली जात' होती? (हसू नका, मोटर पॉलिसीत रस्ता, रेल्वे, जलमार्ग, लिफ्ट आणि हवाई मार्ग असं सगळं लिहिलेलं आहे.) काहीही ठरवा, बंपर प्लास्टिकचा आहे, त्यामुळे झीरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसेल तर त्याचे पन्नास टक्के मालकाच्या खिशातून. शहर वाचलं तरी बंपरचं डेप्रिसिएशन चुकत नाही.

तर प्रश्न असा: हे सगळं सोडून त्यांनी यंत्रं बनवणारी कंपनी का घेतली? ज्यांनी तेव्हा पाहिली त्यांचं मत काय होतं? मला मालिका आवडली, हेही सांगतो. पण मला सारखं वाटत होतं की मी लग्नात जेवतोय आणि शेजारच्या हॉलमधून चांगला वास येतोय.

भैरू_नऊवाजता

शीर्षक वाचून वाटलं लोडशेडिंगबद्दल धागा आहे. तक्रार लिहायच्या तयारीने आलो होतो. चालू द्या.

चिंगी_एडिसन

मी पाहिली होती, तेव्हाच, इथे अमेरिकेत, एनबीसी चॅनलवर. २ फेब्रुवारी २०१७ला सुरू झाली. गुरुवारी रात्री साडेआठला, सुपरस्टोअर या मालिकेच्या पाठोपाठ. आम्ही सुपरस्टोअरसाठी बसायचो आणि रिमोट लांब असला की पॉवरलेस बघायचो. मत विचारलंत म्हणून खरं सांगते.

आमच्या घरात दोन तट पडले. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा, बॅटमॅनवेडा. त्याची तक्रार एकच: बॅटमॅन कुठाय? जाहिरातीत त्याचं जग म्हणायचं आणि दाखवायचं ऑफिसातलं कॉफी मशीन. आणि माझा नवरा, ज्याला ऑफिसवरच्या मालिका आवडतात, तो म्हणायचा की विनोद कळायला आधी कोण कुठला खलनायक ते पाठ करावं लागतंय. म्हणजे हा जेवायला आला तर याला तिखट, तो आला तर त्याला अळणी. मी मधल्यामध्ये रॉन फंचेस या नटाचा आवाज ऐकायला बसायचे. किती मऊ बोलतो तो माणूस! त्याचं पात्र अटलांटिसचं (समुद्राखालच्या राज्यातलं) आहे हे उघड होतं तो भाग माझा सगळ्यात आवडता. साहेबांना अटलांटिसवाल्यांचं कंत्राट हवंय आणि आपल्याच ऑफिसात एक अटलांटिसवाला इतके दिवस बसलाय, हे कुणाला माहीतच नाही. इथे आम्हा देशी लोकांना हा अनुभव दर दिवाळीला येतो. डब्यात काय आहे विचारतात, मग एकदम तुम्हाला सगळ्या भारताचे राजदूत करतात.

एप्रिलमध्ये न सांगता काढली. एका गुरुवारी लावली तर भलतंच काहीतरी. मे महिन्यात बंद केल्याचं जाहीर झालं. नऊच भाग दाखवले इथे, उरलेले तीन न्यूझीलंडच्या लोकांनी आधी पाहिले. त्यातला एक ॲडम वेस्टचा, म्हणजे १९६६च्या मालिकेतला बॅटमॅन, तो पाहुणा कलाकार म्हणून होता. जूनमध्ये तो गेला, मग डीसीने (बॅटमॅनच्या कॉमिक्स कंपनीने) तो भाग यूट्यूबवर टाकला. मुलाने तेव्हा पुन्हा एकदा विचारलं, "बॅटमॅन कुठाय?" आणि मी म्हटलं, हा बघ.

आता तुमच्या मुद्द्यावर. काका (काका म्हटलं तर चालेल ना?), विमा म्हटलं की इथे कुणाला हसू येत नाही. २०१२ला सँडी वादळ आलं तेव्हा आमच्याकडे किनाऱ्यावरच्या लोकांचा जीव एका शब्दावर टांगला होता: वारा की पाणी? घराच्या नेहमीच्या पॉलिसीत वारा कव्हर, पूर नाही. पुराची पॉलिसी वेगळी, सरकारी योजनेतली. वाऱ्याचा माणूस येऊन म्हणायचा हे पाण्याने झालं, पाण्याचा येऊन म्हणायचा हे वाऱ्याने. माझ्या मैत्रिणीच्या घराची एक भिंत होती, ती दोघांच्याही मते दुसऱ्याची होती. रात्री साडेआठला थकून बसलेल्या माणसाला पुन्हा तेच दाखवलं तर तो चॅनल बदलणारच. मला वाटतं म्हणूनच बदललं असेल.

लेथमास्तर

पंचनामा, तुमचं दुःख पोचलं. पण संशोधन विभागाला असं वाऱ्यावर सोडू नका राव. मी भोसरीत एका कंपनीच्या प्रॉडक्ट डेव्हलपमेंटला पंधरा वर्षं काढली (कंपनीचं नाव सांगत नाही, अजून पीएफचा एक कागद यायचाय).

व्हॅन वेन हा विनोद नाही, माहितीपट आहे. आमच्याकडे शेठचा पुतण्या होता. परदेशातून शिकून आलेला, बूट भारी, आणि पुण्याच्या मुख्य ऑफिसात केबिन कधी मिळते याकडे डोळे. शॉपफ्लोअरवर यायचा तेव्हा नाकाला रुमाल. आम्ही त्याला 'पाहुणे' म्हणायचो. एकदा आम्ही तिघांनी जागून एक क्लॅम्पिंग फिक्स्चर (पार्ट घट्ट धरून ठेवणारं साधन) केलं. पार्ट बसवायला आधी साडेचार मिनिटं लागायची, ती दीडवर आली. दोन महिन्यांनी प्रदर्शनात ते फिक्स्चर शेठच्या दुसऱ्या कंपनीच्या स्टॉलवर, निळा रंग मारून. आम्ही तिघं समोर उभे, आणि तिथला पोरगा आम्हालाच ते कसं चालतं ते समजावून सांगतोय. चहाही दिला.

म्हणून पहिल्या भागाचा शेवट मला जबरदस्त वाटतो. हे बिचारे डोकं लढवून काहीतरी बनवतात, मालक म्हणतो कंपनी बंद करू, आणि मग तीच कल्पना बॅटमॅनच्या हातात. आणि यांना पत्ताच नाही की मालक आणि बॅटमॅन एकच! जगातल्या प्रत्येक आर अँड डीवाल्याची हीच कथा आहे हो. काम आपलं, केप दुसऱ्याची.

डॅनी पुडी या नटाबद्दल कुणी बोललं नाही. त्याचे वडील आंध्रातले, आई पोलिश. पण त्याला इथे 'भारतीय इंजिनिअर' म्हणून नाही वागवला, नुसता टेडी आहे. आळशी, मित्राची टिंगल करणारा, ऐन वेळी कामाला येणारा. आमच्या टेबलावर असा एक होता. (तो मीच.)

एक गोष्ट मान्य: मालिकेतली यंत्रं दिसायला खेळण्यासारखी आहेत. एक बरं टॉलरन्सचं (मापात किती फरक चालेल याचं) भांडण दाखवलं असतं तर मी त्यांना पाचवा स्टार दिला असता.

वेताळटेकडी

प्रतिसाद वाचले. काही दुरुस्त्या आणि थोडी चिडचिड.

१. 'रेटकॉन' या नावातच गंमत होती, ती कुणीच सांगितली नाही. कॉमिक्सवाल्यांच्या भाषेत रेटकॉन म्हणजे मागे घडून गेलेली गोष्ट नंतर बदलून टाकणे. पात्र मेलं होतं? नाही, तो त्याचा जुळा होता. विमा कंपनीला हे नाव ठेवणं म्हणजे क्लेम नाकारण्याची पद्धतच पाटीवर लिहिणं: तुमचं घर पडलं असं तुम्हाला वाटतंय, प्रत्यक्षात ते आधीच पडलेलं होतं. आणि मग मालिकेचाच रेटकॉन झाला. विमा कंपनी कधी नव्हतीच, असं करून टाकलं.

२. कल्पना नवी नव्हती. मार्व्हल या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीकडे डॅमेज कंट्रोल नावाची कॉमिक्स १९८९पासून आहेत, ड्वेन मॅक्डफी आणि एर्नी कोलोन यांची. मारामारी संपल्यावर इमारती उभ्या करणारी, मलबा उचलणारी कंपनी. तिच्यावर मालिका करण्याचं एबीसी चॅनलने २०१५मध्ये ठरवलं होतं, ती आलीच नाही. त्यामुळे पॉवरलेसने निदान बारा भाग काढले हे कमी नाही.

३. सगळे कथेबद्दल बोलतायत. अरे, सुरुवातीची श्रेयनामावली पाहिली का? डीसीची जुनी मुखपृष्ठं येतात, पुढे हीरो उडतोय, आणि कॅमेरा हीरोला सोडून मागे पळणाऱ्या घाबरलेल्या माणसाकडे जातो. आणि तो माणूस म्हणजे आपला एकेक कलाकार! मी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेला माणूस. वेताळाच्या अंकांत मागे उभे असलेले खलाशी, हमाल, दुकानदार, यांचं पुढे काय होतं हा प्रश्न मला आठव्या वर्षी पडला होता. वेताळाने बंदरावरच्या गुत्त्यात शिरून दहा जणांना बुकलून काढलं, ठीक. पण ती टेबलं कुणाची होती? गुत्तेवाल्याने दुसऱ्या दिवशी काय केलं? वडील म्हणाले, "अभ्यास कर." तर अर्ध्या मिनिटाच्या त्या श्रेयनामावलीने मला चाळीस वर्षांनी उत्तर दिलं की निदान कुणाच्या तरी लक्षात आलंय. त्यापुढे मालिका स्वतः जरा डावी ठरते, हे दुःखाने लिहितो. ती श्रेयनामावली जे वचन देते ते विमा कंपनीनेच पाळलं असतं, त्यामुळे पंचनामांशी सहमत.

अवांतर: चार्म सिटी हे खरं म्हणजे बाल्टिमोरचं टोपणनाव आहे.

पंचनामा

सगळ्यांचे आभार. चिंगीताई, काका चालेल, केस तसेच आहेत. लेथमास्तर, त्या निळ्या रंगाबद्दल वाचून मी भाकरी खाली ठेवली.

वेताळटेकडी, तुमच्या गुत्तेवाल्यावरून सुचलं. नुकसान भरून दिल्यावर विमा कंपनी ग्राहकाच्या जागी उभी राहून नुकसान करणाऱ्याकडून पैसे वसूल करू शकते. सब्रोगेशन म्हणतात. आता समजा, रेटकॉनने वेन कंपनीच्या इमारतीचा क्लेम दिला. इमारत पाडली बॅटमॅनने. नोटीस काढायची बॅटमॅनच्या नावे, पत्ता नाही. एमिली चिकाटीने शोध घेते, आणि निघतो कोण? ब्रूस वेन. आणि कायदा असा की आपल्याच विमाधारकाकडून वसुली करता येत नाही! फाइल पूर्ण, सही कुणाची होणार नाही, आणि जगातलं सगळ्यात मोठं गुपित एका क्लेम विभागाच्या कपाटात धूळ खात पडणार. सांगा, तेरावा भाग झाला की नाही?

आता चिंगीताईंच्या मुद्द्यावर, की लोक हसले नसते. दोन दिवस विचार करतोय.

२६ जुलै २००५. माझ्या लायसनला दोन वर्षं झाली होती. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवस मी एका मैदानात उभा होतो. टो करून आणलेल्या गाड्या रांगेत लावलेल्या, सगळ्यांच्या काचांवर चिखलाची एकाच उंचीची रेघ. वास अजून आठवतो. आमच्या हातात छापील प्रश्नांचा कागद, आणि त्यात एक प्रश्न असा की ज्यावर सगळं अवलंबून: गाडी पाण्यात बंद पडल्यावर तुम्ही पुन्हा किल्ली फिरवली का? कारण पाणी भरलेल्या इंजिनाला स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग कंपनी म्हणणार, पूर कव्हर होता, पण इंजिन पुराने नाही, तुमच्या किल्लीने गेलं.

दुसऱ्या दिवसापर्यंत मैदानभर बातमी पसरली. त्यानंतर एकाही माणसाने किल्ली फिरवलेली नव्हती. मुंबईत लाखो लोक कमरेएवढ्या पाण्यात शांतपणे हात मांडीवर ठेवून बसले होते म्हणे. एक बाई म्हणाल्या, "माझी किल्ली तर आधीच वाहून गेली," आणि किल्ली हातातच होती. एक गृहस्थ तर म्हणाले, मला किल्ली फिरवता येतच नाही, ड्रायव्हर फिरवतो, आणि तो गावी गेलाय. आम्ही सर्व्हेअर लोक संध्याकाळी चहाच्या टपरीवर एकमेकांना दिवसाची उत्तरं सांगून पोट धरून हसायचो. त्यात दुष्टपणा नव्हता. आमच्यातल्या दोघांच्या स्वतःच्या गाड्या त्याच रांगेत होत्या.

आणि मग एक म्हातारे आले. प्रीमियर पद्मिनी, फिकट बदामी. मी विचारलं, किल्ली फिरवली का? म्हणाले, "फिरवली. दोनदा." मी पेन वर केलं आणि म्हटलं, आजोबा, नीट आठवा. ते म्हणाले, "नीट आठवतंय. आधी एकदा, मग मिसेस म्हणाल्या अजून एकदा बघा, म्हणून परत."

मी पुन्हा विचारलं. मागे रांग होती, सगळे गप्प. मागच्या एका माणसाने त्यांना कोपराने ढोसलं. ते मागे वळून त्याला म्हणाले, "अहो, मी यांच्याशी बोलतोय ना."

तर चिंगीताई, माझी विमा कंपनीची मालिका अशी असती. टेबलापलीकडे एमिली. हातात छापील कागद. समोर माणूस, ज्याचं घर काल रात्री क्रिमझन फॉक्सने त्याला वाचवताना पाडलं. आणि पाचवा प्रश्न: तुम्ही तिला हाक मारली होती का? कारण हाक मारली असेल तर नुकसान तुमच्या विनंतीवरून झालं. शहरभर बातमी पसरलेली. खलनायक गळा धरून उभा होता, तरी कुणी म्हणून कुणी 'वाचवा' म्हटलेलं नाही. सगळे मांडीवर हात ठेवून बसलेले. आणि मग एक म्हातारा.

लेथमास्तर, भोसरीत कधी आलो तर तो पीएफचा कागद आला का ते विचारीन.

चिंगी_एडिसन

काका, त्या पद्मिनीचं पुढे काय झालं? तुम्ही कागदावर काय लिहिलंत?

पंचनामा

'पाण्याची पातळी डॅशबोर्डपर्यंत.' तेवढी खरोखर होती. किल्लीच्या रकान्यावर नेमका चिखलाचा थेंब पडला होता, वाचता येईना.